शिखर आणि चूल



या व्याख्यानमालेत इतिहासावर बोलण्याची पाळी आमच्यासारख्यावर यावी, याचे पुष्कळांना नवल वाटले असेल. आमचे शालेय शिक्षण सातवीपर्यंत. १९८२ च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, वडील घरी बसले आणि त्याच वर्षी आमची शाळा सुटली ती कायमची. पुढे जे काय शिकलो ते युनियनच्या कचेरीत, मोफत वाचनालयात आणि फोर्टातल्या फूटपाथवरील जुन्या पुस्तकांच्या ढिगांत. इंग्रजी आले ते कामगार कायद्यांची कलमे लावता लावता. तेव्हा पंडिताची अपेक्षा आमच्याकडून कोणी ठेवू नये. आम्ही जे वाचले आणि जे पाहिले, त्यांची सांगड कशी लागते एवढेच सांगावयाचे आहे.

विषय आहे, जिवावरचा खेळ खेळणाऱ्या माणसाच्या पाठीशी त्याचे घर कसे उभे राहते हा. उदाहरण घेतले आहे एव्हरेस्टचे. कामगार चळवळीतल्या माणसाचा पर्वताशी काय संबंध, असे कोणी विचारील. तो संबंध सांगून मग पुढे जाऊ.

पुष्कळ वर्षांपूर्वी एका कारखान्यात परांचीवरून पडून एक माणूस दगावला. परांची म्हणजे उंचावर काम करण्यासाठी बांधलेला माचा. आम्ही चौघे त्याच्या घरी गेलो. पोटतिडकीने बोललो, धीर दिला, लढा देऊ म्हणालो. ती बाई सगळे ऐकत राहिली. आम्ही उठताना एवढेच म्हणाली, “भाऊ, तुम्ही आज आलात ते बरे झाले. पण उद्या कोण येणार?” या प्रश्नाला तेव्हा आमच्यापाशी उत्तर नव्हते. पुढे फूटपाथवर तेनसिंग नोर्गे यांचे आत्मचरित्र मिळाले. शब्दकोश शेजारी ठेवून ते वाचू लागलो, आणि ध्यानात आले की हाच प्रश्न दार्जिलिंगच्या शेर्पा वस्तीतल्या बायकांनीही विचारला होता, आणि इंग्लंडातल्या एका सुखवस्तू बाईलाही तो चुकला नव्हता.

प्रथम त्या इंग्लंडातल्या बाईंची हकीकत पाहू. त्यांचे नाव रूथ. १९१४ च्या जुलैत त्यांचा विवाह जॉर्ज मॅलरी या शाळामास्तरांशी झाला. लग्नानंतर आठ दिवसांच्या आतच महायुद्ध पेटले. पुढे क्लेअर, बेरिज आणि जॉन अशी तीन मुले झाली. १९२१ साली एव्हरेस्टची पहिली इंग्रज मोहीम ठरली आणि मॅलरींना बोलावणे आले. रूथचे मन होईना. धाकटा मुलगा तर अजून वर्षाचाही नव्हता. तेव्हा मॅलरींचे वडीलधारे गिर्यारोहक मित्र जेफ्री विन्थ्रॉप यंग घरी आले आणि त्यांनी तिची समजूत घातली. ती ‘हो’ म्हणाली. मॅलरींनी शाळेची नोकरी सोडली आणि ते निघाले.

त्या ‘हो’ची किंमत आपण नीट लावली पाहिजे. नवरा नोकरी सोडून सहा-सहा महिने दूर जाणार, आणि पत्र पोचावयास आठवडेच्या आठवडे लागणार. माहेरची मंडळी संपन्न होती, वडील नामांकित वास्तुशिल्पी होते, म्हणून भाकरीची चिंता नव्हती. पण भाकरीची चिंता नसली म्हणजे चिंताच नसते असे थोडेच आहे? मॅलरी १९२१ मध्ये गेले, १९२२ मध्ये गेले, आणि १९२४ मध्ये तिसऱ्यांदा गेले.

या तिसऱ्या खेपेच्या आधीची एक गोष्ट या व्याख्यानमालेत अवश्य सांगावयास हवी. केंब्रिज विद्यापीठाने १८७३ सालापासून गावोगाव व्याख्याने सुरू केली होती. ज्यांना कॉलेजची पायरी चढता आली नाही अशा स्त्रीपुरुषांपर्यंत विद्या न्यावी, हा त्यामागचा हेतू. आपल्याकडे न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली, म्हणजे अवघ्या दोन वर्षांनी. केंब्रिजच्या त्याच खात्यात १९२३ साली मॅलरींना नोकरी लागली. आमच्यासारख्या अर्धवट शिकलेल्या प्रौढांना इतिहास शिकविणारा हा माणूस होता. नोकरी मनाजोगती होती आणि केंब्रिजात नवे बिऱ्हाड मांडले होते. अशा वेळी तिसरे बोलावणे आले. जावे की न जावे, या विचारात तेही घुटमळले आणि रूथही. अखेर ते गेले. मेअखेरच्या पत्रात त्यांनी बायकोला स्पष्ट लिहिले की यशाचा संभव पन्नासात एक एवढाच आहे. ८ जून १९२४ रोजी मॅलरी आणि त्यांचा तरुण सोबती आयर्विन शिखराच्या वाटेवर ढगाआड दिसेनासे झाले. केंब्रिजच्या घरी तार पोचली १९ जूनला. मधले अकरा दिवस ती बाई घरचे सारे नेहमीप्रमाणे करीत होती. नवरा या जगात नाही हे तिला ठाऊक नव्हते. तार आल्यावर तिने तिन्ही मुलांना आपल्या बिछान्यात जवळ घेतले आणि सांगितले.

मॅलरींनी रूथचे छायाचित्र शिखरावर ठेवण्याचे ठरविले होते, असे सांगतात. १ मे १९९९ रोजी त्यांचा देह एव्हरेस्टच्या उत्तर अंगावर सापडला. खिशात पत्रे होती, ते छायाचित्र मात्र नव्हते. यावरून ते शिखरावर पोचले होते काय, हा वाद अजून चालू आहे. तो वाद आम्ही पंडितांवर सोपवितो. आम्हांला त्यातले एवढेच महत्त्वाचे वाटते की जगातल्या सर्वांत उंच जागी नेण्यासारखे त्या माणसापाशी जे होते, ते त्याच्या घरचे होते.

आता याच हकीकतीची दुसरी बाजू पाहू. ७ जून १९२२ रोजी मॅलरींच्या मागून दोर बांधून चढणारे सात हमाल हिमकड्यात गाडले जाऊन मेले. मॅलरींनी पत्रांतून दोष स्वतःकडे घेतला. सॉमरव्हेल नावाचे डॉक्टर त्याच तुकडीत होते. ते पुढे त्रावणकोरात नेय्यूरच्या मिशन रुग्णालयात आयुष्य घालविणारे मोठ्या मनाचे गृहस्थ. मेलेल्यांत एखादा तरी गोरा असता तर बरे झाले असते, अशी खंत त्यांनी लिहून ठेवली आहे. १९२४ मध्येही मॅलरी-आयर्विनखेरीज दोघे दगावले : मनबहादूर नावाचा चांभार आणि शमशेर नावाचा गुरखा जवान. मॅलरींची पत्रे आज त्यांच्या कॉलेजाने जपून ठेवली आहेत, आणि ती कोणालाही वाचता येतात. मनबहादूरच्या बायकोला पत्र लिहावयाला मनबहादूरपाशी टपाल कुठले आणि वेळ कुठला?

येथे आम्हां कामगारांच्या इतिहासातली एक तारीख जोडून पाहावी. हिंदुस्थानात कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ साली मंजूर झाला आणि तो अमलात आला १ जुलै १९२४ रोजी, म्हणजे मॅलरी नाहीसे झाल्यानंतर महिन्याच्या आत. कामावर मेलेल्याच्या घराला काही देणे लागते, हे सरकारने प्रथम मान्य केले ते तेव्हा. पण हा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानातल्या गिरण्या, रेल्वे आणि खाणी यांच्यापुरता. तिबेटातल्या बर्फावर तो कुठून चढणार? तेथे एकाचा खेळ होता आणि दुसऱ्याची मजुरी होती. दोर मात्र दोघांच्या कमरेला एकच होता.

आता दार्जिलिंगकडे वळू. सोलुखुंबूतून पोट भरण्यासाठी शेर्पा लोक दार्जिलिंगला येत. कोणी रिक्षा ओढीत, कोणी ओझी वाहत आणि मोहिमांच्या हंगामात साहेब लोकांच्या दारी रांग लावीत. तेनसिंग तेथे आले १९३२ साली, अठरा वर्षांचे असताना. १९३५ मध्ये एरिक शिप्टन यांनी त्यांना पहिल्या मोहिमेवर घेतले. रोज बारा आणे, आणि बर्फाच्या रेषेवर गेल्यास एक रुपया, असा दर होता असे त्यांनीच लिहिले आहे. बर्फावरच्या जोखमीचा भाव चार आणे! नुकतेच लग्न झालेले होते. बायकोचे नाव दावा फुती.

नवरा बर्फावर आणि बायको वस्तीत, हे या वस्तीचे नित्याचे जिणे. पुष्कळ बायका स्वतःही मोहिमांची ओझी वाहत. त्यांना शेर्पाणी म्हणत. नंगा पर्वताच्या १९३४ च्या जर्मन मोहिमेत सहा शेर्पा मेले. त्यांतला गायले हा खाली येऊ शकला असता, पण आपला नायक मेर्क्ल याला सोडून तो आला नाही, असे सांगतात. १९३७ साली त्याच पर्वतावर रात्री तंबूंवर हिमकडा कोसळला आणि सोळा माणसे एकदम गेली. त्यांत शेर्पा नऊ. म्हणजे एकाच पर्वताने तीन वर्षांत पंधरा शेर्पा घेतले. हे बहुतेक दार्जिलिंगहून नेलेले. गायलेच्या निष्ठेचे गोडवे पुष्कळांनी गायिले. निष्ठा थोर खरीच. परंतु भगिनींनो, निष्ठेवर चूल पेटत नाही, हे तुम्हांला आम्ही काय सांगावे?

तेनसिंग यांच्या घरीही दुःखाने उसंत घेतली नाही. पहिला मुलगा १९३९ मध्ये चार वर्षांचा होऊन गेला. ते चित्रळला नोकरीस असताना १९४४ साली दावा फुतीही गेली. पेमपेम आणि निमा या दोन चिमुरड्या मुलींना घेऊन ते दार्जिलिंगला परतले आणि आंग ल्हामू या शेर्पा बाईशी त्यांनी दुसरे लग्न केले.

या आंग ल्हामूबाईंचे नाव आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नाही. ते ठाऊक असावे म्हणून हा सारा खटाटोप. साहेबांच्या घरी मुले सांभाळणारी आया म्हणून त्यांनी कामे केली होती. त्या कामानिमित्त दुसऱ्या महायुद्धापूर्वी त्या लंडनलाही जाऊन आल्या होत्या. लग्नानंतर दिवस फार वाईट आले. युद्ध संपले होते, पण मोहिमा सुरू झाल्या नव्हत्या. इंग्रज चालले होते आणि नवे गिऱ्हाईक आले नव्हते. नवरा कामाच्या शोधात महिनेच्या महिने बाहेर असे. त्या काळात आंग ल्हामूंनी आयेचे काम करून घर चालविले आणि सवतीच्या मुली आपल्या मानल्या. तेनसिंग यांनी हे ऋण आपल्या आत्मचरित्रात मोकळेपणाने मान्य केले आहे.

पुढे १९५२ साल उजाडले. स्विस मोहिमेत लँबेअर आणि तेनसिंग आठ हजार पाचशे मीटरांच्याही वर गेले आणि शिखर थोडक्यात हुकले. त्याच वर्षी पावसाळ्यानंतर स्विस पुन्हा आले, तेनसिंग पुन्हा गेले. या खेपेस मिंग्मा दोर्जे हा शेर्पा दगावला. तेनसिंग खंगून परतले आणि तापाने पाटण्याच्या इस्पितळात पडले. तोच १९५३ च्या इंग्रज मोहिमेचे बोलावणे आले.

आंग ल्हामूंनी साफ विरोध केला. अंगात ताकद नाही, बर्फावर घसराल, आमची आणि मुलींची तुम्हांला पर्वा नाही, असे त्या भांडल्या. तेनसिंग यांनी उत्तर दिले की पर्वत हेच माझे काम आहे, आणि मरावयाचेच तर झोपडीत मरण्यापेक्षा एव्हरेस्टवर मरेन. दोघेही चिडले, आणि मग दोघांनी समेट केला. हे भांडण तेनसिंग यांनी स्वतः लिहून ठेवले, याबद्दल आम्हांला त्यांचा आदर वाटतो. पाठिंबा म्हणजे मुकाट्याने मान डोलविणे, अशी आपली समजूत असते. थोरांच्या चरित्रांत बायको एका ओळीत येते, ‘मोलाची साथ दिली’ म्हणून, आणि पुढच्या ओळीत नाहीशी होते. जी बाई भांडते तिचाही तो पाठिंबाच आहे. कदाचित तोच अधिक खरा आहे, कारण संकट कोणते आहे हे पुरते ओळखून, तोंडावर सांगून, मग ती घर सांभाळावयास मागे राहते.

तेनसिंग यांना पर्वताचे खरेखुरे वेड होते, हेही विसरून चालणार नाही. केवळ मजुरीसाठी गेले असते तर पाटण्याच्या इस्पितळातून उठून ते गेलेच नसते. मॅलरींच्या बाबतीत तो खेळ होता आणि मनबहादूरच्या बाबतीत पोटाचा धंदा. तेनसिंग यांच्यात हे दोन्ही एकत्र आले. म्हणून त्यांचे घर दोन्ही ओझी वाहत होते. एक ओझे नवऱ्याच्या छंदाचे आणि दुसरे नवऱ्याच्या रोजगाराचे.

२९ मे १९५३ रोजी हिलरी आणि तेनसिंग शिखरावर पोचले. तेनसिंग यांनी तेथे बर्फात थोडी मिठाई पुरली, आणि त्याबरोबर धाकट्या निमाने दिलेला लाल-निळ्या पेन्सिलीचा एक तुकडा. मॅलरींच्या खिशातून जे छायाचित्र शिखरावर जावयाचे होते, त्याची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही. राष्ट्रांची निशाणे तर फडकलीच. पण पोरीच्या दप्तरातली पेन्सिलही त्या जागी आहे.

त्यानंतर मानसन्मान आले. आया म्हणून जिने लंडन पाहिले होते, तीच बाई नवऱ्याबरोबर आणि मुलींबरोबर पाहुणी होऊन लंडनला गेली. १९५४ साली दार्जिलिंगला हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट निघाली. पंडित नेहरूंचा तिला पाठिंबा होता, आणि तेनसिंग तेथे शिक्षणप्रमुख झाले. महिन्याच्या महिन्याला पगार! एरवी या गोष्टीकडे चरित्रकार ओझरते पाहतात. आम्ही कामगार मात्र जाणतो की शिखरापेक्षा हा पगार घराच्या दृष्टीने मोठा. सुखान्त मात्र म्हणता येत नाही. पुढे तेनसिंग यांनी आंग ल्हामू हयात असतानाच दाकू नावाच्या स्त्रीशी लग्न केले. १९६४ मध्ये आंग ल्हामू वारल्या. त्यांच्या मनात काय होते, ते त्यांनी लिहिले नाही. पर्वत चढणाऱ्यांची पुस्तके निघतात, चूल राखणारीचे पुस्तक निघत नाही.

एक गोष्ट मात्र तेनसिंग यांनी केली, ती आमच्या धंद्याची आहे. शेर्पा गिर्यारोहकांच्या संघटनेचे ते अध्यक्ष झाले. मजुरीचे दर ठरावेत, जायबंदी झालेल्याला आणि मेलेल्याच्या घराला भरपाई मिळावी, ही त्या संघटनेची खटपट होती. ‘उद्या कोण येणार?’ या प्रश्नाचे उत्तर त्या वस्तीला तेव्हाच सापडले होते. एकटा शेजारी एक दिवस येईल, दोन दिवस येईल. रोज यावयाचे तर संघटनाच लागते.

ती लढाई पुढे संपली म्हणता? १८ एप्रिल २०१४ रोजी एव्हरेस्टच्या पायथ्याशी खुंबूच्या हिमप्रपातात हिमकडा कोसळला आणि सोळा नेपाळी कामगार ठार झाले. ते वरच्या गिऱ्हाइकांसाठी सामान वाहत होते. नेपाळ सरकारने प्रत्येक घराला तातडीची मदत म्हणून जाहीर केले चाळीस हजार नेपाळी रुपये. शेर्पा संतापले. पायथ्याच्या तळावर सभा झाली, मागण्या लिहिल्या गेल्या, आणि त्यांनी वर जावयाचे नाकारले. नेपाळच्या बाजूने त्या हंगामातल्या मोहिमा बंद पडल्या. याला आमच्या भाषेत संप म्हणतात. त्यातून सक्तीच्या विम्याची रक्कम दहा लाख नेपाळी रुपयांवरून पंधरा लाखांवर गेली. फार झाले असे नाही. पण जे मिळाले ते उपकार म्हणून मिळालेले नाही.

आणि २३ मे २०१९ रोजी दोन शेर्पा विधवा, फुरदिकी आणि निमा दोमा, एव्हरेस्टच्या शिखरावर पोचल्या. फुरदिकीचा नवरा २०१३ साली वाटेवर दोर बांधण्याच्या कामात गेला होता, निमा दोमाचा २०१४ च्या त्या हिमकड्यात. विधवेने घरात बसून राहावे, ही समजूत मोडावी म्हणून त्या चढल्या. मागे राहणारी बाई पुढे निघाली की शिखर आणि चूल यांतले अंतर किती कमी होते, ते त्यांनी दाखविले.

आता थोडे आपल्या घरचे. मुंबईत हिमालय नाही, पण हिमालयन क्लबची कचेरी आज आहे ती मुंबईतच. १९९८ साली मराठी मुलखातून सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोचले, आणि त्यानंतर पुष्कळ तरुण-तरुणी सह्याद्रीतून हिमालयाकडे निघाल्या. आम्ही त्यांच्या घरच्यांना विचारतो, तुमचा मुलगा वर जाताना दोर कोण बांधतो, आणि त्या दोर बांधणाऱ्याचा विमा किती, हे तुम्ही विचारलेत काय? आपल्या माणसाच्या पाठीशी उभे राहणे म्हणजे त्याच्यासाठी ओझे वाहणाऱ्याच्या घराच्या पाठीशीही उभे राहणे होय.

गिरणगावात खानावळवाल्या बायकांनी कामगारांना संपाच्या काळात उधारीवर जेवू घातले. त्याच बायकांची पुढे १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळात संघटना बांधली. ८२ च्या संपात आमच्या आईनेही चार डबे केले. वडील सभेला जात, आणि टाळ्या सभेत पडत. डब्याला टाळी नव्हती. आम्हीही तीस वर्षे मोर्चांत आणि कोठड्यांत हिंडलो. त्या काळात घर कोणी चालविले हे आम्ही कधी विचारलेही नाही. आंग ल्हामूंचे भांडण वाचले त्या रात्री आमच्या मंडळींना ते मोठ्याने वाचून दाखविले. त्या म्हणाल्या, “तिने विचारले ते बरे केले. मी विचारायची राहिले.” याला काय उत्तर द्यावे?

उत्तर एकच सुचते. इतिहास लिहिताना आणि हिशेब करताना, दोन्हीकडे त्यांचे नाव घालावे. मजुरीचा करार करताना मागे राहणाऱ्या घराची तरतूद पहिल्या कलमात असावी, शेवटच्या नव्हे. मुलांना एव्हरेस्टची गोष्ट सांगताना १९२२ चे सात हमालही सांगावेत, आणि शिखरावरची ती पेन्सिलही. एवढे या सभेने मनावर घेतले, तर त्या बाईच्या दारातून त्या दिवशी आम्ही जे निरुत्तर होऊन परतलो, ते थोडे तरी फिटले असे समजू.